नुसत्या आवाजाची बंदूक

आमच्या मालकांना राग आला की ते बंदुकीशी बोलायचे, मानसाशी न्हाय. सकाळी ओसरीवर चहा चाललेला, बंदूक मांडीवर आडवी, तिच्यावरनं हात फिरतोय. "बघितलंस ना? काल वानरांनी परत शहाळी खाल्ली. तुझा धाक म्हणून उरला नाही." आतनं मालकीनबाई ओरडायच्या, "तिला पण चहा ओतू का बशीत?" मालक जरा विचार केल्यासारखं करायचे नि मंग बोलायचे, "नको."

मी तवा लग्न होऊन नवीन आलेली. रेवदंड्याच्या अलीकडं दर्याला लागून मालकांची नारळी-पोफळीची वाडी, नि वाडीच्या टोकाला आमची, झावळ्यांच्या झापांची झोपडी. आमचे हे माडावर चढायचे, नारळ उतरवायचे. त्यांचा बापबी तेच करायचा. झोपडी मालकांची, जागा मालकांची. घरात चढनारा मानूस हाय तवर झोपडी आपली, हे कुनी सांगावं लागत नव्हतं. राज इंग्रजाचं होतं बोलतात, पन वाडीत राज मालकांचं. त्यांचं नाव मी घेत न्हाय. नातवंडं हायत त्यांची, वाटंत भेटली तर हाक मारतात मला.

बंदूक घेतली ती वानरांसाठी. वानरं टोळीनं यायची, कोवळे नारळ तोडायची, घोटभर पानी प्यायची नि फेकून द्यायची. पन वानराला मारायचं कसं? ते मारुतीचं. मालक शनवारी स्वतः मारुतीला तेल घालायला जायचे. मंग त्यांनी अशी युक्ती काढली. अलिबागला जाऊन परवाना आनला, ठासनीची बंदूक आनली, नि तिच्यात छर्रा म्हनून कदी घातला न्हाय. दारू भरायची, काथ्याचा बोळा गजानं ठासायचा, केप लावायची, नळी वर करायची नि बार. वानरं पळायची शेजारच्या वाडीत. शेजारी डबा बडवायचे, की परत आमच्यात. वर्सानुवर्स हा खेळ. वानरंबी शिकली, मालक न्हाय शिकले.

शिकायचं नाव काढलं की त्यांचं एक ठरलेलं होतं. "बंदूक शिकायची नसते, बाळगायची असते." बाळगायचे ते मातर खरं. रोज खोबरेल लावायचे तिला. थंडीत खोबरेल गोठायचं, घोडा अर्ध्यात अडकून बसायचा, मंग ते बंदूक उन्हात ठेवायचे तेल पातळ व्हायला. भरलेली! नि तोंड कुठं? स्वयंपाकघराकडं. मालकीनबाई भाकरी थापता थापता सरकत सरकत चुलीच्या पलीकडं जायच्या. दारू ओली झाली तर माझ्याच सुपात वाळत घालायचे. मी सुकट घातलेली असायची, तिच्या बाजूला. मी बोलले, "मालक, सुकटीला वास लागंल." तर बोलतात, "दारूला लागला तर?"

दसऱ्याला आमी समद्यांनी बंदुकीला नमस्कार करायचा. माझा थोरला झाला तवा बार. बारशाला बार. गाय व्याली, बार. मालकांना आवाजाची हौस. बाकी मानूस वाईट न्हाय हो. आजारी पडलं तर स्वतः काढा घेऊन दारात उभे राहायचे, पावसात झोपडी गळली तर झाप पाठवायचे, न मागता. म्हनून तर डोकं फिरायचं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्यांच्या पुतनीचं लग्न लागलं तवाची गोष्ट. अक्षता पडल्या नि मालकांनी बार काढला. गडबडीत ठासायचा गज नळीतच राहिला होता. तो लोखंडी गज मांडवावरनं गेला, रहाटावरनं गेला, नि शेजारच्या फनसात जाऊन हातभर रुतला. खाली वऱ्हाडातली एक म्हातारी पान कुटत बसलेली. तिच्या डोक्यावर फनसाची पानं पडली, ती वर बघती तर गज अजून थरथरतोय. समदे गप. वाजंत्रीवालेबी गप. मालकांनी कपाळाला हात लावून लांब बघितलं नि बोलले, "बघा, किती लांब गेला!"

त्या लग्नाला हवालदारचाचा आले होते. मुसलमान आळीतले, जर्मनच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांच्या बसऱ्याच्या गोष्टी गावात कुनी ऐकून घ्यायचं न्हाय आता, इतक्यांदा सांगितलेल्या. चाचा मालकांकडं गेले, बोलले, "मालक, सकाळचं दर्यावर येत जा. मी शिकवतो. पगार नको, चहा पाजा."

"मी? शिकू?" मालक हसले. "अहो, मला कुणाला मारायचंय? नुसता आवाज काढायचा. आवाजाला नेम लागतो होय?"

"गज गेला तो आवाजच होता काय?"

"ती घाई झाली."

"घाई होऊ नये म्हनूनच शिकवतात, मालक. आमाला पयला महिना गोळीच न्हाय दिली. खाली बघ, वर बघ, मागं बघ. येवढंच. सायब डोक्यावर टपली मारायचा."

टपली ऐकल्यावर मालकांचा चेहरा बदलला. खरी अडचन ती होती. शिकायचं म्हंजे कुनीतरी 'चुकलं' बोलनार, नि ते आपल्या रयतेसमोर ऐकायचं. ते बोलले, "सरकारनं परवाना दिलाय मला. शिकायची गरज असती तर सरकारनं सांगितलं नसतं?"

चाचा घरी जाताना माझ्या नवऱ्याला बोलले, "सरकार कशाला शिकवंल रे? नेम शिकलेला रयतेतला मानूस सरकारला झोप लागू देत न्हाय. सरकारला अशीच बंदूक पायजे, वाजनारी."

आमचे हे गरीब सभावाचे. जास्त बोलायचे न्हायत. पन त्यांनीबी येकदा मालकांना सांगितलं, माझ्यासमोर. "मालक, आमी वर असतो. जरा हाळी देऊन उडवत जा."

"अरे, मी कुठं माणसांवर उडवतो? आभाळात उडवतो. आभाळात कोण आहे?"

आता काय बोलायचं याला? डोंगराकडच्या शेतात आभाळ असंल मोकळं. नारळीच्या वाडीत आभाळ कुठं हाय? वाडीत वर आमची मानसं असतात.

आमच्यात पोराला माडावर असं तसं चढवत न्हाईत. आधी ठेंगन्या माडावर, कमरंयेवढं चढायचं नि उतरायचं. बाप खाली उभा. पायातला दोर कसा धरायचा, कोयता पाठीला कसा लावायचा, वारा सुटला तर काय करायचं. येक पावसाळा जातो नि दुसराबी जातो, तवा कुठं उंच माड. चढनाऱ्यानं येवढं शिकायचं, नि त्याच्या खाली उभं राहून बार काढनाऱ्यानं काय बी न्हाय. हे मला तवाबी कळत नव्हतं नि आता हाडं थकली तरी कळत न्हाय.

ते झालं दिवाळीच्या आधी. मी पाटाचं पानी वळवत होते. हे रहाटाजवळच्या उंच माडावर होते, शेंड्यात, झाप साफ करत. बाजूच्या माडावर वानरं उतरली. मालक धावत आले, धोतर खोचलेलं, बंदूक हातात. त्या दिवसांत वानरं भीत न्हाईत म्हनून ते दारू दुप्पट भरायचे. मी ओरडले, "मालक, हे वर हायत!" त्यांचं लक्ष वानरांकडं. बार झाला. मी असा बार कदी ऐकला नव्हता, पाटातलं पानीबी थरथरलं.

ह्यांना काय लागलं न्हाय. नुसता दचकून हात सुटला. पाटाच्या दगडी काठावर कंबर आपटली.

मालकांनी बंदूक टाकली. स्वतः उचलून गाडीत घातलं, स्वतः बैल हाकले अलिबागपर्यंत. वाटंत लहान पोरासारखे रडत होते. दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसले, पंख्यानं वारा घातला. ते समदं मी बघितलं, खोटं बोलनार न्हाय. डाक्टर बोलला, जगंल, पन कंबरंखाली जोर येनार न्हाय.

मंग गावात चौकशीला पोलीसपाटील आला. ह्यांच्या अंगावर छर्र्याची खूण शोधली. न्हाय सापडली. मालक तोवर सावरले होते. बोलले, "बंदुकीत छर्राच नव्हता. विचारा कुणालाही. मी कधी घालतच नाही. पाय घसरला त्याचा." पाटील बोलला, "छर्रा न्हाय तर गुन्हा कसला?" झालं. मालकांना हे खरंच पटलेलं होतं. लबाडी न्हाय. त्यांच्या डोक्यात मारनं म्हंजे छर्रा. छर्रा न्हाय तर बंदूक म्हंजे ढोल.

नि पंधरवड्यात परत बार सुरू. मी तशीच गेले ओसरीवर.

"मालक, परत?"

"अगं, वानरं ऐकत नाहीत."

"मानसं तरी ऐकतात म्हनून त्यांना पाडायचं व्हय?"

मालकांनी बंदुकीवरनं हात फिरवला. मंग बोलले, "हे बघ, तांदूळ पाठवतो मी. औषध पाठवतो. तुझ्या दिराला चढू दे आता. चढणारा पाहिजेच. झोपडी चढणाऱ्याची आहे, तुला माहीतच आहे."

धमकी द्यायची म्हनून न्हाय बोलले. वाडीची रीत सांगितली. पन माझ्या पायाखालची जमीन गेली. दीर चढला तर डोक्यावर झाप, न्हाय चढला तर लुळा नवरा नि तान्हं पोर घेऊन मी रस्त्यावर. नि चढला तर खाली हा मानूस, नळी वर करून.

माझा दीर लग्नाचा झालेला, थट्टेखोर. बोलला, "वैनी, मी कानात कापूस घालून चढतो. मालक उडवतील तवा मला वाटंल कुनीतरी शिंकलं."

"भावजी, हसू नका. तुमी चढायचं न्हाय."

"मंग राहायचं कुठं? मारुतीच्या देवळात? तिथंबी वानरंच."

हे खाटंवरनं ऐकत होते. हे बोलले, "चढू दे त्याला." मी बोलले, "मालक शिकल्याबिगर न्हाय." हे बोलले, "ते शिकनार न्हाईत." मी बोलले, "बघू."

अलिबागचे एक मोठे सायब त्या टायमाला फिरतीवर बंगल्यात उतरले होते. दिराला घेऊन मी गेले. दिवसभर उन्हात बसवलं, मंग आत घेतलं. मी बोलले, "सायब, टांगेवाल्याला परवाना देताना त्याला घोडा हाकता येतो का बघता का न्हाय?"

"बघतात, बाई."

"मंग बंदूकवाल्याला का न्हाय बघत? आमच्या मालकांची बंदूक दर वर्साला बघतात, तिला उलटीपालटी करतात. मालकांना कुनी बघत न्हाय."

सायब हसले न्हाईत, येवढं बरं. बोलले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण कायद्यात तसं नाही. आणि असं बघा, डोंगरातला शेतकरी, डुकरं त्याचं भात खातात. त्याला परवाना मिळवायला आधीच चार खेपा घालाव्या लागतात. त्यात शिकून दाखव म्हटलं, तर तो कुठं शिकणार? कोण शिकवणार? गरिबाची बंदूक जाईल आणि मोठ्यांची राहील."

त्यांचंबी खोटं नव्हतं. त्या डोंगरातल्या मानसाचं भात गेलं तर त्याची पोरं उपाशी. पन मी बोलले, "सायब, मंग शिकवनारा डोंगरात पाठवा. शिकवूच नका हे कसं?" सायबांनी पेला उचलून पानी प्यायलं. बाहेर आल्यावर दीर बोलला, "वैनी, तू बोललीस झकास. आता झोपडी बांधायला जागा शोधू."

जागा न्हाय शोधली. मी घरोघर गेले, चढनाऱ्यांच्या बायकांकडं. पुरुषांकडं न्हाय. पुरुष बोलले असते, मालकांना कसं दुखवायचं. बायकांना येवढंच विचारलं, "उद्या तुझा मानूस खाटंवर आला तर?" येकीनं तोंड वाकडं केलं, येकीनं मला घालवून दिलं, पन बाकीच्यांनी आपापल्या घरात सांगितलं. ठरलं मंग. मालक हवालदारचाचांकडं शिकत न्हाईत तवर त्यांच्या वाडीत कुनी चढनार न्हाय. गावातला न्हाय, बाहेरगावचाबी न्हाय.

मालक बोलले, "नका चढू. नारळ काय पळून जाताहेत?"

पळून न्हाय गेले, पडायला लागले. पिकलेला नारळ माडावर राहत न्हाय, तो केव्हाबी सुटतो. वाडीतनं चालायची सोय राहिली न्हाय. धप्प, इकडं. धप्प, तिकडं. गडी गोठ्यात जायचा तो भिंतीला चिकटून. येक नारळ मालकांच्या घराच्या कौलातनं थेट देवघरात. मालकीनबाई विहिरीवर यायच्या त्या डोक्यावर जेवायचा पाट धरून. येका हातानं पाट, दुसऱ्या हातात कळशी. मला बघितलं की तोंड फिरवायच्या. पन येक दिवस थांबल्या. पाट डोक्यावर तसाच. बोलल्या, "नुसतं वर बघून चालायची सवय लागली गं मला. मान धरली."

मी बोलले, "बाई, आमची जलमाची धरलीय."

त्या पाट सावरत घराकडं गेल्या. पन त्याच दुपारी ओसरीवरनं त्यांचा आवाज झोपडीपर्यंत आला. "उद्या सकाळी त्या हवालदाराकडे गेला नाहीत, तर मी चालले पालीला, माहेरी. आणि जाताना ही तुमची लाडकी विहिरीत टाकून जाईन."

"परवाना आहे तिचा!"

"मग परवान्याबरोबर जेवा!"

सकाळी मालक दर्यावर गेले. ओहोटीची वेळ, पुळनीवर बायका मासे वाळत घालतायत, त्यांच्यादेखत. मीबी टोपली घेऊन गेले, कामाचं निमित करून. चाचांनी आधी बंदूक काढून घेतली नि आपल्या मांडीखाली ठेवली.

"पयलं बंदूक न्हाय. पयलं बघायचं. बोला, वर काय हाय?"

"आभाळ."

"चुकलं."

मालकांचे कान लाल झाले. येक कोळीन फिस्सकन हसली. मला वाटलं, गेले आता घरी. पन न्हाय गेले. चाचा बोलले, "आभाळ हाय का मानूस हाय ते तुमाला ठावं न्हाय, म्हनून इचारायचं. मोठ्यानं. 'वर कोन हाय?' जबाब येईस्तोवर घोड्याला हात न्हाय."

"मी विचारायचं? माझ्याच वाडीत? आणि तो वरून थांबा म्हणाला तर?"

"तर थांबायचं."

"वानरं जातील."

"जाऊ देत. मानूस राहील."

बरेच दिवस नुसतं तेच. मालक पुळनीवर उभे राहून रिकाम्या आभाळाला हाका मारायचे, नि चाचा चहा पीत बोलायचे, "आवाज बसला. परत." येवढी आवाजाची हौस असलेला मानूस, पन स्वतःचा आवाज काढताना लाजायचा. मंग कुठं बंदूक हातात आली, गज आधी बाजूला ठेवायचा, दारू मापून भरायची, खोबरेल बंद. येवढंच होतं सारं. येवढ्यासाठी माझ्या मानसाची कंबर गेली. राग आला तो तवा आला मला, आधी न्हाय. अवघड असतं तर समजून घेतलं असतं.

चाचांनी "जमलं" बोलल्यावर दीर चढायला लागला. झोपडी राहिली. त्याच आठवड्यात वानरांची टोळी आली, भर सकाळी. दीर रेवदंड्याला गेला होता, माडावर कुनी नव्हतं. ह्यांची खाट मी उन्हाला म्हनून झोपडीच्या दारात काढलेली. मालक बंदूक घेऊन आले, रहाटाजवळ थांबले. मी कडंवर पोर घेऊन उभी. त्यांनी गज काढून जमिनीवर ठेवला. वर बघितलं, मागं बघितलं. मंग गळा साफ केला नि मोठ्यानं हाक मारली, "वर कोण आहे?"

कुनीच बोललं न्हाय. वानरं खसखस करत होती.

मालकांनी परत हाक मारली, "वर कोण आहे?"

तवा ह्यांनी खाटंवरनं मान उचलली नि जबाब दिला, नेहमीच्या हळू आवाजात, "वर कोनी न्हाय, मालक. मी खालीच हाय."

मालक तसेच उभे राहिले, नळी वर. मंग हळूच घोड्याखालची केप काढली, खिशात घातली, गज उचलला नि घरी गेले. त्या दिवशी बार झाला न्हाय. वानरांनी दुपारपर्यंत नारळ खाल्ले.